खोल समुद्रातला घरजावई

आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सेमुंडसन १९२२ साली खोल समुद्रातल्या माशाची एक भलीमोठी मादी तपासत होते. जात सेराशियस होलबोली. तिच्या पोटाला दोन बारके मासे तोंडानं घट्ट चिकटलेले दिसले. सेमुंडसन यांनी ती तिची पिल्लं असावीत असं ठरवलं. पण माशाची पिल्लं काही आईच्या अंगावर पीत नाहीत. मग ही इथं चिकटली कशी आणि कशासाठी, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही.

तीन वर्षांनी लंडनमध्ये ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी अशाच एका चिकटलेल्या 'पिल्ला'चं विच्छेदन केलं, आणि तो पूर्ण वाढ झालेला नर निघाला. तोवर या कुळातले जे मोठे मासे हाती लागले होते, त्या सगळ्या माद्याच होत्या. नर जातात कुठं, हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळत होता. गंमत अशी, की मोकळे पोहणारे नरसुद्धा जाळ्यात येत होते, पण ते इतके वेगळे दिसायचे की शास्त्रज्ञांनी त्यांचं चक्क स्वतंत्र कुळ मांडलं होतं. ते याच माद्यांचे नर आहेत, हा उलगडा १९३० मध्ये झाला.

हे मासे म्हणजे खोल समुद्रातले अँग्लरफिश. अँग्लर म्हणजे गळ टाकणारा. त्यांच्या सुमारे १७० जाती आहेत. गळ फक्त मादीकडे असतो. पाठीच्या पराचा पहिला काटा पुढं सरकून कपाळावर आलेला, आणि त्याच्या टोकाला उजेड देणारा एक गोंडा. अंधारात काहीतरी लुकलुकतंय म्हणून भक्ष्य जवळ येतं आणि गळाला लागण्याआधीच थेट जबड्यात जातं. दात आतल्या बाजूला मुडपतात, त्यामुळं आत जाणं सोपं आणि बाहेर पडणं अशक्य. पोट इतकं ताणतं, की स्वतःपेक्षा मोठा मासाही त्यात मावतो. जिथं पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नाही, तिथं ताटात आलेलं परत पाठवून चालत नाही.

हा दिवा मादीचा स्वतःचा नसतो. गोंड्यात राहणारे जिवाणू तो पेटवतात. या जिवाणूंनी आपल्या मोकळ्या भाईबंदांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास जनुकं गमावली आहेत. इतके परावलंबी झालेले जिवाणू सहसा आईकडून पिल्लाकडे वारशानं जातात. इथं मात्र पिल्लं जन्मतात ती दिव्याशिवाय. प्रत्येक मादी मोठी होताना आपले जिवाणू आजूबाजूच्या पाण्यातून मिळवते.

स्वतःचाच दिवा स्वतःच्या अंगावर पडला तर शिकार सावध होईल. त्यावरही तोड आहे. वनायरोडीस या अँग्लरची कातडी अतिकाळी असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ०.०४ टक्के परत फिरतो, म्हणजे दहा हजारांत चार भाग. काळं मखमल तिच्यापुढं करडं वाटेल.

जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या टेनेरीफे बेटाजवळ शार्कचा अभ्यास करणाऱ्या पथकाला असाच एक काळा अँग्लर भर दिवसा पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना दिसला. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. चित्रांमधून या माशाचा राक्षस झालेला, त्यामुळं ती मादी तळहातावर मावेल एवढीच होती, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसेना. सेराशियससारख्या काही माद्या मीटरभराच्या पुढं जातात, पण बहुतेक जातींचं प्रकरण एवढंच.

पण मला स्वतःला दिव्यापेक्षा नराचं नवल जास्त वाटतं. पिल्लं वरच्या उजेडाच्या पाण्यात वाढतात, मग रूप पालटून खाली उतरतात. मादीला गळ फुटतो. नराला शिकारीचं कुठलंच हत्यार मिळत नाही. काही जातींत मोठे डोळे मिळतात, काहींत फुगीर नाकपुड्या, आणि तोंडाशी चिमट्यासारखे दात. हा सगळा सरंजाम मादी शोधायला आणि तिला पकडायला. हजार मीटरच्या खाली, मैलोन्‌मैल काळोखात, बहुधा तिच्या गंधाच्या मागावर, तो निघतो. अनेक जातींत रूप पालटल्यानंतर तो काही खातच नाही, म्हणजे अंगातली शिदोरी संपायच्या आत ती भेटली पाहिजे. बहुतेकांना ती भेटत नसणार.

भेटलीच, तर तो तिला चावतो. मेलॅनोसीटस, म्हणजे टेनेरीफेच्या मादीच्या जातकुळीत, हे चावणं तात्पुरतं असतं. काम झालं की नर सुटतो. दुसऱ्या काही जातींत मात्र तो सुटतच नाही. त्याच्या ओठांची कातडी तिच्या कातडीत मिसळते, रक्तवाहिन्या एक होतात, आणि तिच्याच रक्तातून त्याला अन्न मिळू लागतं. डोळे खुरटतात. वृषणं तेवढी वाढतात. सेराशियसची मादी लांबीला नराच्या ६० पट आणि वजनाला ५ लाख पट असू शकते. क्रिप्टोप्सारस या अँग्लरच्या एका मादीला तर आठ नर चिकटलेले सापडले आहेत.

घरजावई म्हणावं तर घरजावई निदान स्वतःच्या तोंडानं जेवतो. शास्त्रज्ञ या नराला 'परजीवी' म्हणतात, तेही मला पटत नाही. परजीवी फक्त घेतो. हा नर जन्मभर लागेल तेव्हा शुक्राणू देतो, आणि अशा विरळ वस्तीत हे देणं काही लहानसहान नाही.

खरं कोडं पुढंच आहे. आपल्याकडं मूत्रपिंड बसवायचं तर ऊती जुळवाव्या लागतात, आणि नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. परक्याचं मांस शरीर ओळखतं आणि झिडकारतं. मग एक आख्खा नर अंगाला जोडून घेतलेली मादी त्याला झिडकारत कशी नाही?

जर्मनीत फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या थॉमस बोएम यांच्या गटानं, अँग्लरफिशचे जाणकार टेड पिच यांच्या साथीनं, २०२० मध्ये या माशांची जनुकं तपासली. तात्पुरतं चिकटणाऱ्या जातींत, प्रतिपिंडांना, म्हणजे जंतूंना पकडणाऱ्या प्रथिनांना, हळूहळू धार लावणारं जनुक निकामी झालेलं आढळलं. कायमच्या जोडणीत तोडफोड आणखी खोलवर गेली होती. काही जातींत तर प्रतिपिंडं आणि टी-पेशी या संरक्षक पेशींचे परकं ओळखणारे ग्राहक ज्यांच्यामुळं बनतात, ती जनुकंच कामाची उरली नव्हती. ही जनुकं बिघडलेलं मूल माणसात जन्मलं, तर उपचारांविना साध्या जंतुसंसर्गानंही दगावतं. हे मासे मात्र याच अवस्थेत समुद्रात मजेत जगतात. म्हणजे प्रतिकारशक्तीची जी जुनी, उपजत फळी पाठीच्या कण्याच्या सगळ्याच प्राण्यांकडे असते, तिनं इथं बाकीचा भार उचलला असला पाहिजे.

इतकी वर्षं हे सगळं कळलं ते बाटलीत जपलेल्या मृत माशांवरून. २०१६ मध्ये अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांजवळ यॉआकिम आणि कर्स्टन याकोबसेन हे जोडपं पाणबुडीतून ८०० मीटर खाली गेलं, आणि त्यांच्या दिव्यांपुढं कॉलोफ्रायनी जातीची एक मादी आली. लांबलचक तंतू चारी बाजूंना पसरलेले, कोळिष्टकासारखे. साधारण २५ मिनिटं ती कॅमेऱ्यासमोर तरंगत राहिली. तिच्या पोटाखाली एक लहानसा मासा लोंबत होता.