ब्लेंडेड लर्निंग: शिक्षकांसाठीची साधनं

ब्लेंडेड लर्निंग (सरकारी कागदांवर मिश्र अध्ययन) म्हणजे एकाच कोर्सचा काही भाग ऑनलाईन, काही भाग वर्गात समोरासमोर, आणि दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून. यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वर्गात सगळं शिकवून झालं आणि मग पीपीटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर ते ब्लेंडेड नाही, ती नुसती नोट्स वाटायची नवी सोय झाली. या नोंदीत शिक्षकाला यासाठी काय काय मिळतं, त्यातलं पुण्यात हाताशी काय आहे आणि घोडं कुठे अडतं ते बघू. साधनांचा तुटवडा अजिबात नाही, पण बहुतेक साधनं ऑनलाईन अर्ध्यासाठीच बनलेली असतात, व्हिडिओ, क्विझ, ॲप वगैरे. घरी जे पाहिलं त्याचा वर्गातल्या तासाशी सांधा कसा जुळवायचा यासाठीची साधनं त्यामानाने थोडी आहेत, आणि खरी कामाची तीच.

मागचं थोडं

हे सगळं कोविडमध्ये आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. यूजीसीने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर कंट्रीवाइड क्लासरूम चालू केलं, पुणे विद्यापीठाच्या आवारातलं ईएमआरसी (शैक्षणिक कार्यक्रम बनवणारं केंद्र) त्यासाठी कार्यक्रम बनवायचं, पण तो मामला एकतर्फी होता, बघणाऱ्याला शंका आली तर विचारायची कुणाला? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) पुस्तक घरी आणि तास अभ्यासकेंद्रावर असा मेळ घातला. आणि ज्यांनी गल्लीतल्या सेंटरवर एमएस-सीआयटी केलंय त्यांनी स्क्रीनवर ई-लर्निंग आणि पाठीशी उभे सर किंवा मॅडम हा प्रकार केव्हाच अनुभवलाय, फक्त त्याला ब्लेंडेड म्हणायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

फ्लिप्ड क्लासरूम हा यातला सगळ्यात गाजलेला प्रकार. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, मग लक्षात आलं की हजर असलेली मुलंही ते बघतायत, तर तेच वर्गात परत कशाला बोलायचं, त्यापेक्षा व्हिडिओ घरी आणि गणितं वर्गात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू झाला, सह्याद्री वाहिनीवर पुण्याच्या एमकेसीएलच्या (एमएस-सीआयटीवाली कंपनी) फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी टिलीमिली ही मालिका केली, ज्यात मुलांनी पालकांना घेऊन घरच्या घरी काहीतरी करून बघावं यावर भर होता. पण तेव्हाचं ते ब्लेंडेड नव्हे, ते नाइलाजाचं ऑनलाईन होतं, आणि त्याच अनुभवावरून आज कित्येक शिक्षक ब्लेंडेड म्हटलं की नाक मुरडतात, त्यात त्यांचा फार दोष नाही.

दोन चाळीस टक्के

कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये हमखास होणारा घोळ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मिश्र पद्धतीचा पुरस्कार झाला, आणि मे २०२१ मध्ये यूजीसीने एक कन्सेप्ट नोट काढून सूचना मागवल्या, त्यात म्हटलं होतं की कुठल्याही एका कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकवता यावा, उरलेला ६० टक्के वर्गात. हे झालं एक चाळीस. दुसरं चाळीस स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाईन कोर्सेसच्या पोर्टलचं: २०१६ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या कोर्सेसपैकी २० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयम् वरून करून त्यांचे क्रेडिट घेता यायचे, २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. म्हणजे पहिल्यात कोर्स तुमचाच, शिकवणारे तुम्हीच, फक्त काही तास ऑनलाईन, आणि दुसऱ्यात अख्खा कोर्सच दुसऱ्या कुणीतरी शिकवलेला. या दोन्ही आकड्यांची सरमिसळ करून लोक मीटिंगमध्ये तावातावाने भांडतात.

स्वयम् वरून शिक्षकाने उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचा चार भागांचा साचा: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि चर्चेची जागा. आपला एखादा टॉपिक या चार रकान्यांत लिहून बघितला की बहुतेकांचा पहिला रकाना भरगच्च आणि चौथा रिकामा निघतो.

पुण्यात हाताशी काय

शाळेच्या शिक्षकांसाठी बरंच काही इथूनच निघतं. सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती (स्थापना १९६७) सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट देते, पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य उघडतं. दीक्षा २०१७ पासून चालू आहे आणि तिची सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे साहित्य शाळेच्या वायफायवर डाऊनलोड करून नंतर नेट नसताना वापरता येतं, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. कोडमागे कधी व्हिडिओ असतो, कधी सरावाचे प्रश्न, त्यामुळे मुलांना सांगायच्या आधी स्वतः स्कॅन करून बघावं हे उत्तम. कुमठेकर रस्त्यावर एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) आहे, राज्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणं तिथून ठरतात.

वर्गातल्या अर्ध्यासाठी मात्र पुणेकरांचं नशीब जास्त चांगलं आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली, त्यांच्या साइटवर त्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि ढीगभर मराठी पुस्तकं फुकट आहेत. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब्ज (ऑनलाईन प्रयोगशाळा) प्रकल्पात आपलं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ सहभागी आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरीच मोफत सॉफ्टवेअर मराठीतून शिकता येतात. छोट्यांना घरी वाचायला द्यायच्या गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत, छापा, वाटा, बदला, कुणी काही म्हणणार नाही, फक्त मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव राहू द्या. हे परवान्याचं सांगायचं कारण असं की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अर्धी 'ई-साहित्य' पीडीएफ ही कुणाच्या तरी गाईडची स्कॅन असतात.

सांधा जुळवायची साधनं

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ट-इन-टाइम टीचिंग नावाची पद्धत मांडली. विद्यार्थ्यांनी तासाच्या आधी दोनतीन प्रश्नांची उत्तरं ऑनलाईन पाठवायची, शिक्षकाने ती वाचून मगच तास कसा घ्यायचा ते ठरवायचं. बस, एवढंच. याला महागडं काही लागत नाही, गुगल फॉर्म पुरतो, मूडल असेल तर अजून बरं (मूडल म्हणजे कोर्स ऑनलाईन चालवायचं सॉफ्टवेअर, २००२ पासूनचं, मोफत, ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी बनवलेलं). फॉर्मच्या शेवटी 'कुठे अडलं?' हा एक मोकळा प्रश्न ठेवायचा, आणि वर्गात गेल्यावर नाव न घेता त्यातलीच दोन उत्तरं फळ्यावर लिहून सुरुवात करायची. आपण लिहिलेलं सर खरंच वाचतात हे मुलांना कळलं की पुढच्या वेळी फॉर्म जास्त येतात, आणि वाचत नाहीत हे कळलं की दुसऱ्याच आठवड्यात बंद पडतात.

या पद्धतीचा वर्गातला जोडीदार म्हणजे हार्वर्डच्या एरिक मझूर यांचं पीअर इन्स्ट्रक्शन. एक बहुपर्यायी प्रश्न, सगळ्यांनी एकट्याने उत्तर द्यायचं, बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असली तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि परत मत घ्यायचं, त्याहून कमी असली तर चर्चेत अर्थ नाही, मुद्दा परत शिकवायचा. आता ही मतं मोजायची कशी, तर त्यासाठी प्लिकर्स आहे, ज्यात मुलांकडे मोबाईल लागतच नाही. प्रत्येकाच्या हातात एक छापील चौकोनी कार्ड, त्यावर कोड, चारही कडांना ए बी सी डी, जे उत्तर ती कड वर धरायची, आणि मॅडमनी आपला एक फोन वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर येतं. शेजारच्याला तुमचं उत्तर वाचता येत नाही कारण अक्षरं बारीक छापलेली असतात. महापालिकेच्या शाळेत साठ मुलांच्या वर्गातही चालेल असं हे एक दुर्मिळ डिजिटल साधन.

अख्खा कोर्स नव्याने मांडायचा असेल तर लंडनच्या यूसीएल विद्यापीठाचं एबीसी लर्निंग डिझाइन बघावं (पुण्यात एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक, पण हे वेगळं). ही नव्वद मिनिटांची कार्यशाळा आहे. डायना लॉरिलार्ड यांनी सांगितलेले शिकण्याचे सहा प्रकार, म्हणजे ऐकणं-वाचणं, शोध घेणं, चर्चा, सराव, मिळून काम आणि काहीतरी घडवणं, यांची सहा रंगांची कार्डं असतात. एका कोर्सचे शिक्षक मोठ्या कागदाभोवती जमतात, आठवड्यांप्रमाणे कार्डं मांडतात, मग कार्ड उलटं करून मागच्या यादीतली कृती निवडतात, काही वर्गातल्या काही ऑनलाईन, आणि शेवटी मूल्यमापन जिथे असेल तिथे चांदण्या चिकटवतात. गंमत म्हणजे कुठली कृती ऑनलाईन हे यात शिकण्याचे प्रकार मांडून झाल्यावरच ठरतं. आधी ॲप निवडून मग त्यात काय घालायचं हे शोधणाऱ्यांनी एकदा तरी करून बघावं असं हे काम आहे. एकट्याने वाचून शिकायचं असेल तर कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगने २०१८ मध्ये काढलेलं ब्लेंडेड लर्निंगचं मार्गदर्शक पुस्तक मोफत मिळतं.

एक उदाहरण: विद्युत परिपथ

कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या मोफत सिम्युलेशनमध्ये वायर, सेल, बल्ब ओढून सर्किट जोडता येतं, फेटची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. मुलांनी घरी एकसर आणि समांतर जोडणी करून बघायची, बल्ब कुठल्या जोडणीत मंद पेटतो ते वहीत काढून आणायचं. वर्गात आल्यावर खरं सामान, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले छोटे बल्ब, होल्डर, वायर आणि सेल. आणि इथे खरा धडा चालू होतो, कारण सिम्युलेशनमध्ये बल्ब पेटतोच, आणि टेबलावर तो पेटत नाही. वायरचं प्लास्टिक नीट सोललेलं नसतं, होल्डर सैल असतो, सेल उतरलेला असतो. मग दोष कुठे आहे ते एकेक जोडणी तपासत शोधायचं, ज्याला घरी सर्किट नीट समजलंय तोच ते शोधू शकतो. घरचं काम वर्गात उपयोगी पडलं, वर्गातलं काम घरी होण्यासारखं नव्हतं, वाटणी अशी पडली पाहिजे.

कुठे अडतं

मोबाईल घरात एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामाला जातो, मुलाच्या हाती रात्री नऊनंतर. त्यामुळे 'उद्या येताना बघून या' हे चालत नाही, किमान दोनतीन दिवस द्यावे लागतात, आणि ज्याने बघितलं नाही त्याच्यासाठी वर्गाच्या कोपऱ्यात एक फोन किंवा छापील पान ठेवावं लागतं. व्हिडिओ लांबला तर ज्याच्याकडे फोन आहे तोही बघत नाही: एडएक्स या ऑनलाईन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं दिसलं. पाऊण तासाचं लेक्चर जसंच्या तसं अपलोड करण्यात काही राम नाही.

फायदा होतो का, याचं उत्तर जरा अडचणीचं आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात ब्लेंडेडवाले नुसत्या वर्गवाल्यांपेक्षा सरस निघाले, पण अहवालात हेही लिहिलंय की ब्लेंडेडवाल्यांना बऱ्याचदा जादा वेळ आणि जादा साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय ऑनलाईनला देता येत नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही.

हा जादा वेळ शिक्षकालाही लागतो. सहा मिनिटांच्या व्हिडिओमागे लिहिणं, रेकॉर्डिंग, कापाकापी असं अर्ध्या दिवसाचं काम सहज निघतं, फॉर्मची उत्तरं वाचायला रोज रात्री वेळ जातो तो वेगळा. पर्मनंट प्राध्यापकाला हे कसंतरी बसवता येतं. पण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्यांना पैसे वर्गात घेतलेल्या तासाचे मिळतात, आणि पुण्यातल्या कॉलेजांत असे शिक्षक भरपूर आहेत, सकाळी एका कॉलेजात तर दुपारी दुसऱ्या. व्हिडिओ बनवायला गेलेली दुपार कुठल्या बिलात लिहायची हा प्रश्न ते विचारतात.