बाल्सा म्हणजे सांगड

कर्नाटकातल्या मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकून आलेल्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं पफ पॅनेल कापून बोर्ड करता येईल का?" त्याला स्वतःच्या उंची-वजनाला बेतलेला बोर्ड हवाय, आणि त्यासाठी लागणारा फोमचा ओबडधोबड ठोकळा, म्हणजे ब्लँक, सांगली-मिरजेत कुठून मिळणार? प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. सर्फबोर्डाच्या पोटातही बहुतेक वेळा तोच असतो. घनताही जवळपास सारखीच, घनमीटरला ४० किलोच्या आसपास. दुसरा पर्याय थर्माकोलचा, तोही आपल्याकडच्या जुन्या शीतगृहांच्या भिंतीत आहेच. तरीही पॅनेल म्हणजे ब्लँक नव्हे. का नव्हे, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

कृष्णेकाठची आधीची पिढी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकली. भोपळे एकत्र बांधले की सांगड. पुढे तेलाचे डबे आले, मग ट्रकची ट्यूब, आता थर्माकोल. लाटेवरच्या फळीचा प्रवासही साधारण असाच झाला. हवाई बेटांवर सरदारांची 'ओलो' नावाची लांबलचक फळी विलिविली नावाच्या झाडाची असे. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच गोतातलं, लाकूड तसंच हलकं. सामान्यांच्या वाट्याला कोआसारखं जड लाकूड. ड्यूक काहानामोकू या ऑलिंपिक जलतरणपटूची कोआची १६ फुटी फळी तर सुमारे ५२ किलोंची होती! टॉम ब्लेकने अशी फळी पोकळ करून पाहिली आणि १९३२मध्ये पेटंट मिळवलं. वजन घटलं, पण आत पाणी झिरपायचं आणि दर वेळी ते काढून टाकावं लागायचं.

मग इक्वेडोरचं बाल्सा आलं. बाल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा, म्हणजे आपली सांगड. झाड काटेसावरीच्या कुळातलं. दुसऱ्या महायुद्धात विमान कारखान्यांत वापरलेलं फायबरग्लास आणि रेझिन युद्धानंतर बाहेर मिळू लागलं, तेव्हा बाल्साला पाणी न शिरणारं कवच मिळालं. पण लाकूड ते लाकूडच. एक फळी हलकी, शेजारची जड. कारागिराने चिकटवून, तासून, तोलून बघायचं.

थर्माकोल वापरण्याची कल्पना पॉलियुरेथेनच्या जमान्याआधीची आहे. कॅलिफोर्नियात बॉब सिमन्सने १९४०च्या दशकाच्या अखेरीस थर्माकोलचा गाभा करून पाहिला. अडचण कुठली आली, हे गणपतीचं मखर केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. भलतं सोल्युशन लावलं की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो आणि तिथे खड्डा पडतो. कवचाच्या पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन नेमकं तेच करतं. म्हणून सिमन्सला आधी प्लायवूड आणि बाल्साचं आवरण द्यावं लागलं. १९५४मध्ये लाटेवरच त्याचा मृत्यू झाला.

पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायरच्या प्रयोगशाळेत १९३७मध्ये जन्माला आलं होतं. ते या रेझिनला दाद देत नाही. डेव्ह स्वीट १९५६च्या सुमारास त्याचे बोर्ड करू लागला. १९५८मध्ये होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या जोडीनेही ते जमवलं, आणि १९६१मध्ये क्लार्कने बोर्ड सोडून नुसते ब्लँक ओतण्याचा वेगळा धंदा थाटला. दोन द्रव एकत्र ओतले की मिश्रण फसफसत फुगतं आणि साच्याला आतून ढकलतं, त्यामुळे साचे काँक्रीट-पोलादाचे लागत. या साच्यातच ब्लँकची सगळी मेख आहे. भिंतीला चिकटून थिजणारा फोम दाट आणि कणखर, पोटातला मऊ. वरचा थर जितका तासाल तितका बोर्ड दुबळा.

मिरजेत तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना पाहिलं असेल, तर पुढचं सांगायची गरज नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगातून कारागीर पुरुषी तंबोऱ्याला मोठा उचलतो, बायकी तंबोऱ्याला लहान, कारण नंतर भोपळा कापता येतो, वाढवता येत नाही. ब्लँकचंही तसंच. हव्या त्या आकाराच्या शक्य तितका जवळचा घ्यावा. लांबीपेक्षा आधी रॉकर बघावा, म्हणजे फळीची होडीसारखी बाकदार उचल. छोट्या बोर्डाचं नाक १२-१३ सेंटीमीटर वर उचललेलं असतं. सहा किंवा दहा सेंटीमीटर जाडीच्या सपाट पॅनेलमधून ही उचल निघणारच नाही. मधोमध उभी लाकडी पट्टी असते, स्ट्रिंगर. क्लार्कच्या यादीत लांबी, उचल, घनता, स्ट्रिंगर अशा निवडी इतक्या होत्या, की बोर्ड बनवणारा रंधा हातात धरण्याआधीच अर्धा बोर्ड ठरलेला असे.

या सोयीची किंमत २००५मध्ये कळली. ५ डिसेंबरला, सोमवारी, क्लार्कने ग्राहकांना सात पानी पत्र पाठवून कारखाना बंद केला. अमेरिकेतले सुमारे ९० टक्के ब्लँक तेव्हा त्याच्याकडून जात. पत्रात सरकारी यंत्रणांचा ससेमिरा, खटल्यांची भीती आणि टीडीआय या रसायनाचा उल्लेख होता. टीडीआय हे आयसोसायनेट आहे, आणि त्या कुळाचं नाव भोपाळनंतर आपल्याला नवं नाही. क्लार्कने साचेसुद्धा फोडून टाकले. ते निदान विकायला हवे होते, असं मला अजून वाटतं. ब्लँकच्या किमती रातोरात चढल्या, दुकानांनी साठे दडवले. त्या दिवसाला सर्फर 'ब्लँक मंडे' म्हणतात.

सिमन्सचा थर्माकोल त्यानंतर जोमाने परतला. इपॉक्सी रेझिन त्याला विरघळवत नाही, त्यामुळे जुनी अडचण उरली नव्हती. मोठ्या ब्लॉकमधून तापल्या तारेने कापतात, म्हणून आत-बाहेर घनता एकच, आणि रॉकर हवा तसा काढता येतो. बोर्ड हलका होतो, तरंगतोही छान. पण तडा गेला की दाण्यांच्या फटींतून पाणी आत शिरतं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर कवच सुटू शकतं. पॉलियुरेथेन उन्हाने पिवळं पडतं, पण रंध्याखाली लोण्यासारखं येतं आणि ज्याने आयुष्यात कधी बोर्ड तासला नाही त्याच्या चुका पोटात घालतं. पहिल्या बोर्डाला मी तेच सुचवलं असतं. पण सांगलीत बसून विचार केला तर हाताशी थर्माकोलच आहे.

भाच्याला हे सगळं सांगितलं. पॅनेलचा नाद त्याने सोडला आणि थर्माकोलवाल्याकडे गेला. तिथे माल घनतेवरच विकतात. पॅकिंगचा हलका माल दाण्यागणिक सुटतो, म्हणून याने २४ची घनता मागितली. "मिळेल की," दुकानदार म्हणाला, "पण ऑर्डरने, आणि अख्खा ब्लॉक घ्यावा लागेल." तो ठेवायचा कुठे, यावर सध्या ताईशी बोलणी चालू आहेत.