मोटारीच्या उघड्या खिडकीची धडधड

धावत्या मोटारीची एकच खिडकी उघडी असली की वेगाच्या एका ठरावीक पट्ट्यात आतली सगळी हवा लयीत दबू-फुगू लागते. बसलेल्यांच्या कानांवर आणि छातीवर थापा बसाव्यात तसा दाब येतो. वाहन-अभियांत्रिकीत याला विंड बफेटिंग किंवा विंड थ्रॉब म्हणतात. मराठीत ‘धडधड’ हा शब्द त्याला नेमका बसतो, कारण हा प्रकार आवाजापेक्षा ठोक्यांच्या जवळचा आहे. वाऱ्याचा नेहमीचा घोंघाट किंवा काचेच्या फटीतून येणारी शीळ यांच्याशी त्याची गल्लत करू नये. घोंघाटात नाना सूर मिसळलेले असतात आणि वेग वाढेल तसा तो वाढत जातो. धडधडीला एकच सूर असतो, तोही फार खालचा, आणि वेग आणखी वाढला की ती पुष्कळदा आपोआप थांबते.

महामार्गावर

बेळगाव सीमाभागात हा अनुभव मुख्यतः पुणे–बेंगळुरू महामार्गावर येतो. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणजे पूर्वीचा क्रमांक ४. बेळगाव शहरातून जाणाऱ्या त्याच्या जुन्या वाटेला लोक अजून पी. बी. (पुणे–बेंगळुरू) रोडच म्हणतात. शहरातल्या त्या रस्त्यावर धडधड होत नाही, तेवढा वेगच मिळत नाही. कोल्हापूरहून येताना दूधगंगेचा पूल आणि कोगनोळीचा टोलनाका मागे पडला, गाडीने वेग धरला, की ती सुरू होते. पुढे तवंदी घाटात वळणांवर वेग उतरला की थांबते आणि संकेश्वर ते हत्तरगी या मोकळ्या पट्ट्यात पुन्हा धरते. वंटमुरी घाटातही तसेच. चौपदरी विभाजित महामार्गावर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा २०१८ पासून ताशी १०० किलोमीटर आहे. म्हणजे धडधडीचा वेग हा कायद्यात बसणारा, रोजच्या प्रवासातलाच वेग आहे. जांबोटी–कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणाऱ्या रस्त्यावर मात्र ती क्वचितच भेटते.

निपाणी परिसरात तंबाखूचा हंगाम असला की खकाण्याने, म्हणजे तंबाखूच्या उडणाऱ्या भुकटीने, काचा वर जातात. गाव मागे पडले की कोणीतरी मागची एक काच पूर्ण खाली करतो आणि दोन-चार मिनिटांत पुढून ओरडा येतो, “काच जरा वर घे गा, कान फुटायलेत!” पहिल्यांदा अनुभवणारा चालक बहुधा गाडी बाजूला घेऊन चाके तपासतो. टायर बसला, बेअरिंग गेले किंवा दार नीट लागले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण ठोके गाडीच्या हाडातून आल्यासारखे वाटतात. गाडीत बिघाड नसतो. काच वर घेतली की धडधड तत्काळ थांबते. काच वर घेऊनही ठोके राहिले, तर मात्र चाकांकडेच पाहावे.

कारण

धडधडीला दोन गोष्टी लागतात. एक, खिडकीच्या कडेवर तयार होणारे भोवरे. दुसरी, त्या भोवऱ्यांना साथ देणारी गाडीची पोकळी. दोन्हींचा ताल जुळला तरच ती होते.

गाडीच्या अंगावरून वारा सरकत मागे जातो. उघड्या खिडकीपाशी त्याला टेकायला काच नसते. बाहेरची हवा वेगवान, आतली जवळपास स्थिर, आणि मध्ये दोघींच्या सीमेवर एक पातळ पदर. असा पदर टिकत नाही. खिडकीच्या पुढच्या उभ्या कडेपासून तो गुंडाळत जातो आणि त्याचे भोवरे होतात. नदीत पुलाच्या खांबामागे पाण्याला पडतात त्याच जातीचे हे भोवरे. ते वाऱ्याच्या निम्म्याहून किंचित अधिक वेगाने मागे सरकतात आणि खिडकीच्या मागच्या कडेवर आदळतात. प्रत्येक आदळण्याबरोबर हवेचा एक ठोसा आत शिरतो. त्या दाबाची खबर ध्वनीच्या वेगाने पुढच्या कडेला पोहोचते आणि तिथला पदर पुन्हा हलवते, म्हणजे पुढचा भोवरा नेमक्या वेळी सुटतो. आदळणारा भोवरा असा आपल्या मागच्याला हाक देत राहतो. ब्रिटनमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या रॉसिटर यांनी विमानाच्या अंगावरील उघड्या खाचांसाठी या चक्राचे सूत्र १९६४ मध्ये मांडले. मोटारीच्या खिडकीलाही ते बऱ्यापैकी लागू पडते.

दुसरी गोष्ट समजायला घागर पुरे. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. तोंडावर तिरपी फुंकर मारली की घागर घुमते. घागरीच्या तोंडाशी असलेली हवा एखाद्या दट्ट्यासारखी आत-बाहेर होते आणि आतली कोंडलेली हवा तिला स्प्रिंगसारखी परत ढकलते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांनी अशा पोकळ गोलांचा कसून अभ्यास केला. मिश्र ध्वनीतून एकेक सूर वेगळा ऐकण्यासाठी ते असे गोल कानाला लावत. त्यावरून या रचनेला हेल्महोल्ट्झ अनुनादक म्हणतात. पोकळी जितकी मोठी तितका सूर खाली, आणि तोंड जितके मोठे तितका सूर वर. मोटारीची आतली पोकळी सुमारे तीन घनमीटरची, म्हणजे तीन हजार लिटरची घागर झाली. तिचे तोंड म्हणजे उघडी खिडकी.

आकडे मांडून पाहिले तर जुळणी स्पष्ट दिसते. तीन घनमीटर पोकळी आणि सुमारे ५० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच खिडकी धरली, तर घागरीचा सूर सेकंदाला सुमारे २१ कंपनांवर, म्हणजे २१ हर्ट्झवर येतो. प्रत्यक्षात पत्रा, दारे आणि काचा थोड्या लवचिक असल्याने तो आणखी उतरतो आणि बऱ्याच मोटारींत १५ ते २० हर्ट्झच्या आसपास राहतो. आता भोवऱ्यांचा हिशेब. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला रॉसिटर यांचे सूत्र ५० सेंटिमीटरच्या खिडकीसाठी सेकंदाला सुमारे २० भोवरे देते. वेग ७० वर आला की भोवरे १६ च्या आसपास येतात. म्हणजे भोवऱ्यांचा ताल आणि घागरीचा सूर नेमके महामार्गावरच्या वेगाला एकमेकांना भेटतात. शहरातल्या ताशी ३० किलोमीटरला भोवरे फार संथ पडतात, म्हणून तिथे काही होत नाही.

इथे वेग म्हणजे काट्यावरचा वेग नव्हे, गाडीच्या सापेक्ष वाऱ्याचा वेग. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर काटा ६५ दाखवत असतानाच ८५ ची धडधड होऊ शकते. बाजूने येणारा वारा डाव्या आणि उजव्या खिडकीत फरक पाडतो. उसाच्या भरल्या ट्रकला ओलांडताना धडधड क्षणभर तुटते ती याचमुळे. ट्रकमागची ढवळलेली हवा भोवऱ्यांची रांग मोडते.

ऐकू कमी, जाणवते जास्त

माणसाच्या श्रवणाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ मानतात. धडधड त्या उंबरठ्यावर किंवा त्याखाली असते, म्हणून ती सूर म्हणून नव्हे तर सुटे ठोके म्हणून जाणवते. तिची पातळी १०० डेसिबलच्या पुढे सहज जाते, काही गाड्यांत ११० च्याही वर. मोबाइलवरच्या आवाजमापकात मात्र हा आकडा दिसत नाही. असे मापक बहुधा ए-भारित डेसिबल दाखवतात, आणि ती पद्धत मानवी कानाच्या संवेदनेनुसार खालचे सूर वजा करते. २० हर्ट्झला ही वजावट सुमारे ५० डेसिबलची असते. त्यामुळे ११० ची धडधड मापकावर ६० च्या घरात, म्हणजे साध्या बोलण्याइतकी दिसते. त्रास सांगणाऱ्याला ‘उगाच बाऊ करतोस’ असे म्हणणे म्हणून चुकीचे आहे. मापक जे मोजत नाही ते त्याच्या कानाचा पडदा मोजत असतो.

घाटात कानात दडे बसतात, तो प्रकार वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत उतरताना हवेचा दाब आठ हजार पास्कलहून अधिक वाढतो, पण सावकाश. आवंढा गिळला, जांभई दिली की कान मोकळा होतो. धडधडीतला दाबाचा चढउतार त्यापुढे नगण्य, ११० डेसिबलला जेमतेम सहा पास्कल. पण तो सेकंदाला पंधरा-वीसदा होतो आणि गिळण्याने त्यावर काही उपाय होत नाही. डोके जड होणे, मळमळ, चिडचिड, तान्ह्या मुलाचे अकारण वाटणारे रडणे असे त्याचे परिणाम दिसतात. शिवाय मागच्या ट्रकचा हॉर्न आणि शेजारच्याचे बोलणे त्यात बुडून जाते, आणि महामार्गावर ही गोष्ट साधी नाही.

जागा बदलूनही उपयोग नसतो. १७ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी २० मीटर असते, गाडीच्या आतल्या लांबीच्या कितीतरी पट. त्यामुळे आतल्या प्रत्येक कोपऱ्यात दाब एकाच वेळी चढतो आणि उतरतो. काच उघडणाऱ्यालाच भोगावे लागते असे नाही, सगळी गाडी भोगते.

मागचीच खिडकी का

पुढच्या खिडकीच्या आधी समोरच्या काचेचा तिरपा खांब आणि बाजूचा आरसा असतो. त्यांच्यावरून येणारी हवा आधीच विस्कटलेली असते, त्यामुळे शिस्तीत एकामागे एक भोवरे सुटत नाहीत. मागच्या खिडकीपाशी येणारी हवा पुढच्या बंद काचेवरून गुळगुळीत सरकत आलेली असते आणि मधल्या खांबाच्या कडेवरून नीट सुटते. धडधडीला याहून सोयीची जागा नाही.

जुन्या गाड्यांत हा त्रास कमी होता, असे वयस्कर मंडळी सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पुढच्या दारांना फिरणाऱ्या छोट्या तिकोनी काचा असत. त्या थोड्या उघड्या ठेवल्या की वारा मिळे आणि आतल्या हवेला सुटायला वाटही राहत असे. शिवाय त्या गाड्यांच्या दारांतून, तळातून हवा झिरपत असे. भोक पडलेली घागर घुमत नाही, तसेच हे. आजच्या मोटारींची रबरी पट्टी घट्ट, दारे बंदिस्त, बाहेरचा आकार वाऱ्याला गुळगुळीत वाट देणारा. इंजिन आणि टायरचा आवाज जितका आत यायचा थांबला, तितकी धडधड उघडी पडली. विजेवरच्या गाड्यांत तर ती झाकायला इंजिनचा आवाजही नसतो. वडापच्या, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या, क्रूझर किंवा ओमनीसारख्या गाड्यांच्या सरकत्या काचा अर्ध्याच उघडतात आणि बहुधा एकाहून जास्त उघड्या असतात, त्यामुळे तिथे घोंघाट भरपूर, पण धडधड क्वचित.

छतावरच्या सनरूफलाही हाच न्याय लागतो. तिथे धडधड बऱ्याचदा आणखी कमी वेगाला सुरू होते. म्हणून उत्पादक सनरूफच्या पुढच्या कडेला उघडताच वर येणारी पट्टी किंवा जाळी बसवतात. ती वाऱ्याला थोडे वर उचलते आणि भोवऱ्यांचे बारीक, बेशिस्त तुकडे करते. काहींना दातेरी कड असते, तिचे कामही तेच.

उपाय

सर्वात सोपा उपाय दुसरी एक खिडकी थोडी उघडण्याचा. समोरासमोरची, शक्यतो कर्णातली: मागची उजवी उघडी असेल तर पुढची डावी. तीन-चार बोटे फट बहुधा पुरते. त्याने घागरीचे तोंड वाढून तिचा सूर बदलतो आणि कोंडलेली हवा तिथून सुटत राहिल्याने ठोका जोर धरत नाही. दुसरा उपाय उघडी काच निम्म्यावर आणण्याचा. पूर्ण बंद करायची गरज बहुधा नसते. तिसरा, वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरने कमी करण्याचा. वेग वाढवूनही धडधड जाते हे खरे, पण तो उपाय म्हणून सांगू नये. दारांवर लावायचे प्लास्टिकचे पावसाळी वायझर काही गाड्यांत धडधड कमी करतात, काहींत मुळीच नाही. त्यांचा आकार आणि खिडकीची कड जुळली तरच फायदा, म्हणून केवळ यासाठी पैसे घालण्याआधी फट ठेवून पाहावी.

गाडी लागणाऱ्या माणसाला बरे वाटावे म्हणून त्याच्या बाजूची मागची काच पूर्ण खाली करण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. आजीला वारा लागू दे, म्हणून सगळे आपापल्या काचा बंद ठेवतात आणि तिची तेवढी उघडतात. हेतू मायेचा असतो, परिणाम उलटा होतो. पोटात ढवळत असताना त्यावर सेकंदाला वीस ठोके बसू लागतात, आणि मळमळ वाऱ्याने नव्हे तर धडधडीने वाढते. अशा वेळी तिला शक्यतो पुढच्या आसनावर बसवून पुढचीच काच उघडावी. मागे बसली असेल तर तिची काच अर्धी आणि चालकाच्या किंवा त्याच्या शेजारची काच चार बोटे खाली ठेवावी. वारा तेवढाच मिळतो, किंबहुना गाडीतून आरपार वाहू लागल्याने थोडा जास्तच मिळतो.