लक्ष्यगट विभाजन (सामाजिक विपणन)

लोकांच्या सवयी बदलू पाहणारी मोहीम आखताना समाजाचे वेगवेगळे गट पाडून प्रत्येकासाठी वेगळा उपाय ठरवण्याची पद्धत. धूम्रपान सोडणे, हात धुणे, लसीकरण, वीजबचत अशा विषयांत ती वापरतात. सामाजिक विपणन म्हणजे व्यापारातली विपणनाची तंत्रे समाजहितासाठी वापरणे, समाजमाध्यमांवरची जाहिरातबाजी नव्हे. ही गल्लत हमखास होते. ही संज्ञा फिलिप कोटलर व जेराल्ड झाल्टमन यांच्या १९७१ च्या लेखाने रूढ झाली. गट पाडण्याची कल्पना त्याहून जुनी आणि निव्वळ व्यापारातली. वेंडेल स्मिथ यांनी ती १९५६ मध्ये मांडली.

वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न यांवरून गट पाडणे सोपे, कारण ही माहिती आयती मिळते. पण तेवढ्याने फारसे भागत नाही. एकाच वयाचे, एकाच कार्यालयातले दोघे सिगारेट ओढणारे घ्या. एकाच्या मनात ती सोडण्याचा विचारही आलेला नाही. दुसऱ्याने तीनदा सोडून पुन्हा धरली आहे. सिगारेटने कर्करोग होतो हे या दुसऱ्याला पाठ आहे. त्याची अडचण दुपारच्या चहानंतर येणारी तलफ ही आहे. त्याला पुन्हा तेच भित्तिपत्रक दाखवून काय साधणार? जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांचे ‘बदलाच्या अवस्थां’चे प्रारूप इथे उपयोगी पडते. माणूस सवय एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने बदलतो, असे ते मानते. येत्या ६ महिन्यांत सोडायचा विचार आहे का, की महिन्याभरातच, एवढ्या विचारण्यावरूनही माणूस कुठवर आला आहे ते कळते. हात न धुणाऱ्यांतही कुणाला गरज पटलेली नसते, तर कुणाच्या हाताशी साबण-पाणीच नसते. साबण-पाणी नसलेल्यांपुढे प्रबोधन निरुपयोगी.

वृत्तीवरून पाडलेल्या गटांचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. २००८ च्या पाहणीवरून हवामानबदलाविषयी तिथल्या प्रौढांचे सहा गट करण्यात आले. त्यांत धास्तावलेले १८ टक्के, तर हा प्रश्नच साफ नाकारणारे ७ टक्के होते. मधल्यांत काळजी वाटणारे, सावध, अलिप्त आणि साशंक. मूळ प्रश्नावली ३६ प्रश्नांची होती. पुढे ४ प्रश्नांत काम भागू लागले.

गट किती असावेत याचा ठरावीक आकडा नाही. दोन गटांना अखेर एकच उपाय द्यायचा असेल, तर ते एकत्र केलेले बरे. पैसा मर्यादित असल्याने मोहिमा सहज वळणाऱ्यांकडे झुकतात आणि ज्यांना गरज सर्वाधिक, तेच मागे राहतात. शिवाय गटाच्या नावाचा शिक्काही बसतो. एचआयव्हीबाबत ‘जोखमीचे गट’ऐवजी ‘जोखमीचे वर्तन’ म्हणण्याचा आग्रह धरला गेला, तो याच कारणाने.