फुलांचे क्लोज-अप : परीक्षण आणि रीटचिंग

फुलाच्या अगदी जवळून टिपलेल्या छायाचित्रातले गुणदोष पारखणे म्हणजे परीक्षण, आणि ते पाहून संगणकावर किंवा फोनवर चित्रावरून सफाईचा हात फिरवणे म्हणजे रीटचिंग. छायाचित्रणाचे क्लब, स्पर्धा आणि वनस्पती-अभ्यासकांचे गट या तिन्ही ठिकाणी ही कामे चालतात, पण तिथले निकष वेगवेगळे असतात. क्लबात चित्र देखणे आहे का ते पाहतात, स्पर्धेत ते नियमात बसते का ते तपासतात, आणि अभ्यासकाला फूल नेमके ओळखता आले म्हणजे झाले. यातला कोणता निकष लावायचा हे आधी न ठरवताच बहुतेक वाद रंगतात.

‘पूर्ण फूल शार्प नाही’ हा सर्वांत जास्त वेळा काढला जाणारा दोष, आणि बऱ्याचदा अन्यायाचा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर फुलाची प्रतिमा प्रत्यक्ष फुलाएवढीच, म्हणजे १:१ मापाची पडली की त्याला मॅक्रो म्हणतात. ३६ × २४ मिमी. सेन्सरवर या मापात ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफ-आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवले, तर पुढून मागे जेमतेम १ मिमी.चा थर तीक्ष्ण येतो. ॲपर्चर आवळून एफ/२२ वर नेले तरी सुटका नाही. लेन्स इतकी जवळ आली की ते साधारण एफ/४४ सारखे वागते आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून जाणकार परीक्षक फोकस किती आहे यापेक्षा तो कुठे बसला आहे हे आधी पाहतो. परागकोश (पुंकेसराचे पराग असलेले टोक) आणि कुक्षी (पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक) तीक्ष्ण असतील तर मागच्या पाकळ्या विरघळलेल्या चालतात. पाकळीची कड तीक्ष्ण आणि परागकोश धूसर असेल, तर फोकस सटकलेला आहे; त्यावर पुढे कितीही शार्पनिंग (संगणकावर कडा ठळक करणे) चढवले तरी उपयोग नसतो. फूल चपटे असेल तर कॅमेरा त्याला समांतर धरला होता का, हा प्रश्न इथेच विचारायचा.

त्यानंतर पार्श्वभूमी. फुलामागची एखादी चमकती गवताची काडी किंवा फांद्यांतून डोकावणारा पांढऱ्या आकाशाचा तुकडा डोळ्याला फुलापासून ओढून नेतो. रीटचिंगमध्ये हे झाकता येते, पण कॅमेरा चार बोटे सरकवला असता तर ते आलेच नसते, हेही परीक्षकाने सांगावे. किडलेली पाकळी, पावसाने डागाळलेली कड हे तर फूल निवडतानाच टाळायचे दोष आहेत.

रंगाचे दुखणे वेगळे. लाल जास्वंद भर उन्हात टिपली की लाल चॅनल (चित्र ज्या लाल, हिरव्या, निळ्या थरांनी बनते त्यांतला लाल) भरून वाहतो. एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (आलेख) मात्र ठीकठाक दिसतो, त्यामुळे फसगत होते. पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, कडेची मऊ वळणे नाहीशी होऊन लाल रंगाचा सपाट ठिगळ उरतो. तिन्ही चॅनलांचे आलेख वेगवेगळे पाहिले तरच हे कळते. फाइल रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर एक्सपोजर (उजेड) उतरवून आणि लालाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी करून शिरा बऱ्याच अंशी परत येतात. जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच प्रक्रिया करून लहान केलेल्या फाइलमध्ये) जे गेले ते गेले. चौकटभर पिवळी सोनकीच असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगजुळणी) गोंधळतो आणि पिवळ्याचा जिवंतपणा जातो; रंग जुळवायला करड्या कार्डाचा एक फ्रेम आधी घेतला की पुढचा वेळ वाचतो. निळ्या-जांभळ्या फुलांनी तर फिल्मच्या काळापासून छळले आहे. काही निळी फुले गडद लाल आणि अवरक्त प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, पण रंगीत फिल्मच्या लाल थराला जाणवायचा आणि निळे फूल गुलाबी उतरायचे. आजही जांभळ्या फुलाचा रंग आठवणीवरून ‘दुरुस्त’ करू नये. जागेवरच फुलाशेजारी स्क्रीन धरून ताडून पाहावा.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण घेऊ. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातल्या स्थळांत कासचा समावेश आहे. पावसाळा सरता सरता इथे सीतेची आसवे, तेरडा, कवला, गेंद फुलतात, आणि त्या दिवसांतली छायाचित्रे पुढे वर्षभर फिरत राहतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती, जांभळट फूल सेंटिमीटरभराचे. अशा चित्रावर काम करताना क्रम साधारण असा असतो : आधी व्हाइट बॅलन्स, मग हायलाइट (सर्वांत उजळ भाग) उतरवून ओठासारख्या पाकळीवरचा पांढरा ठिपका जपणे, मग क्रॉप (चौकट छाटणे). मागे चमकणारे पाते पुसण्याऐवजी ब्रशने अंधारे केले तर चित्र खोटे वाटत नाही. सेन्सरवरच्या धुळीचे डाग हीलिंगने (डागाची जागा आसपासच्या पोताने भरणाऱ्या साधनाने) काढायचे. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ साली आला, त्याआधी शेजारचा भाग जसाच्या तसा उमटवणाऱ्या क्लोन स्टॅम्पवर भागवत. शार्पनिंग फक्त फुलावर आणि नॉइज (दाणेदार ठिपके) काढणे फक्त पार्श्वभूमीवर, ही शिस्त मास्क (ठरावीक भागच उघडा ठेवणारा पडदा) वापरून पाळता येते. गिंप आणि डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे होते.

फोकस स्टॅकिंगमध्ये एकाच फुलाचे, फोकस थोडा थोडा पुढे नेत घेतलेले अनेक फ्रेम जोडतात. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही त्यासाठीची खास सॉफ्टवेअर. पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे मधल्या एखाद्या फ्रेममध्ये फूल हललेले असते. जिथे पुंकेसर पाकळीच्या पुढून जातो तिथली कड १०० टक्के मोठी करून पाहावी. दुहेरी कड किंवा धुरकट वलय असेल तर जोडकाम फसले आहे.

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आणि फियाप (छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांनी स्पर्धांतल्या ‘नेचर’ विभागासाठी एकच व्याख्या मान्य केली आहे. तिच्यानुसार स्टॅकिंग चालते, धूळ आणि नॉइज काढणे चालते. पण क्रॉपव्यतिरिक्त चित्रातली कोणतीही गोष्ट घालणे, हलवणे किंवा पुसणे चालत नाही. लागवडीची आणि संकरित झाडेही बाद, म्हणजे बागेतला गुलाब कितीही सुंदर टिपला तरी त्या विभागात नाही. या नियमाने कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनाही दारातूनच परतावे लागले असते. बर्लिनमध्ये कलाशिक्षण देणाऱ्या या माणसाने घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने झाडांचे अवयव ३० पटींपर्यंत मोठे करून टिपले, पण नमुने छाटून, नीट मांडून, साध्या पार्श्वभूमीवर. विद्यार्थ्यांना आकार शिकवायचा हा त्यांचा हेतू होता आणि त्या हेतूला ते शोभतेही.

गफलत होते ती सजवलेले चित्र नोंद म्हणून दिल्यावर. त्वचा गुळगुळीत करणारी फिल्टरे फुलावर चालवली की आधी लव जाते. कवल्याच्या काही जाती ओळखायला केस लागतात. तेरड्याच्या जाती वेगळ्या काढताना फुलामागची सोंडेसारखी नळी किती लांब आणि कशी वळलेली आहे हे पाहतात. कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूला असणारे केस कीटकाला काही काळ अडकवून परागीभवन घडवतात. कचरा समजून या गोष्टी पुसल्या तर फूल छान दिसते, पण कोणते ते सांगता येत नाही. परागावर बसलेली बारीक मुंगी किंवा थ्रिप्स (फुलकिडे) सुद्धा अभ्यासकाच्या कामाची असते. म्हणून हात न लावलेली रॉ फाइल वेगळी ठेवतात आणि क्लोज-अपसोबत पान, खोड व पूर्ण रोप दिसेल असे निदान एक साधे चित्र जोडतात. गेंदाच्या जाती तर बियांच्या पृष्ठभागापर्यंत गेल्याशिवाय नक्की सांगता येत नाहीत. तिथे कितीही उत्तम क्लोज-अप असला तरी त्याखाली फक्त प्रजातीचे (जीनसचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) नाव लिहून थांबावे.