कोंबड्याच्या तळव्यातली गाठ: एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

परसातला कोंबडा लंगडू लागला किंवा एक पाय पोटाशी घेऊन उभा राहू लागला, की त्याला धरून तळवा उलटा करून पाहावा. मधल्या गादीवर काळी टणक खपली आणि भोवती गरम, लालसर सूज असेल, तर ते बहुधा तळव्याचे गळू असते. पशुवैद्यक त्याला ‘बम्बलफूट’ म्हणतात. हे दुखणे भारी नरांना जास्त होते. आसील, गिरिराज किंवा वनराजचा वजनदार कोंबडा उंच दांडीवरून खाली उडी मारतो तेव्हा सगळा भार त्या छोट्या गादीवर येतो. तिथे बारीक चीर पडते आणि खुराड्यातल्या ओल्या विष्ठेतले जंतू त्या चिरेतून आत शिरतात.

जंतू कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हाही या दुखण्याचे कारण पाळणाऱ्यांना कळले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आजच्या स्पेनमधल्या कादिझ शहरात जन्मलेल्या कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या खंडात कोंबड्यांचे घर कसे बांधावे ते सांगितले आहे. पक्ष्यांना स्वतःच्या विष्ठेवर उभे राहू देऊ नये, ती बोटांना चिकटली की पायाचा रोग होतो, असे तो लिहितो. बसायच्या दांड्या गोल व गुळगुळीत नकोत, चौकोनी तासलेल्या हव्यात आणि जमिनीपासून फार उंच नकोत, हेही त्याच भागात येते. रोगाला त्याने संधिवाताचे नाव दिले. पुढे मध्ययुगीन युरोपातले शिकारी ससाणे पाळणारेही सुजलेल्या पायाला तेच नाव देत राहिले. नाव चुकीचे असले, तरी उपाय नेमका होता. आजचा कोणताही जाणकार पशुवैद्यक खुराडे पाहायला आला, तर आधी दांडी आणि जमीनच पाहील.

जंतूचा शोध लागायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी माणसांच्या गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना गोल जंतूंचे घोस दिसले. १८८० मध्ये त्यांनी हे काम बर्लिनमध्ये शल्यविशारदांपुढे मांडले आणि १८८२ मध्ये या जंतूंना ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिले. दोन वर्षांनी जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यांतल्या सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला ‘ऑरियस’ म्हटले. कोंबड्याच्या तळव्यात बहुतेक वेळा सापडतो तो हाच जंतू. ऑग्स्टन यांनी तो वाढवला होता कोंबडीच्या ताज्या अंड्यांत. त्या काळी जंतू वाढवण्याची साधने फार कमी होती आणि अंडे हे हाताशी असलेले स्वच्छ, बंद भांडे होते.

माणसाचे गळू आणि कोंबड्याचे गळू यांत मात्र एक मूलभूत फरक आहे, आणि घरगुती उपचार बहुतेक वेळा तिथेच फसतात. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो. चिरा दिला की तो वाहून जातो आणि ठणका कमी होतो. पक्ष्यांच्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात त्यांना हेटरोफिल म्हणतात. आपल्या तशाच पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते, ते हेटरोफिलमध्ये नसते. त्यामुळे पक्ष्याचा पू वितळत नाही, त्याचा घट्ट, पिवळट, पनीरसारखा गोळा होतो. खपली काढून कितीही दाबले तरी हाताला काही लागत नाही, आणि दाबादाबीत जंतू आणखी खोल, कंडरांच्या दिशेने ढकलले जातात. तो गोळा मुळासकट काढावा लागतो. गाठ मोठी असेल तर हे काम पशुवैद्यकाचेच आहे. कोंबडा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे समजून ब्लेड चालवणे मला क्रूर वाटते. संकटात दुखणे लपवणे हा त्या पक्ष्याचा स्वभावच आहे.

विसाव्या शतकात या जंतूच्या गोष्टीने वेगळे वळण घेतले. १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या काचेच्या बशीवर बुरशीभोवतीचे जंतू विरघळले, त्या बशीवर स्टॅफिलोकोकसच होते. त्या बुरशीतून मिळालेले प्रतिजैविक, म्हणजे जंतू मारणारे औषध, ते पेनिसिलिन. महाराष्ट्रात ते तयार होऊ लागले पिंपरीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. माणसांसाठी हे वरदान होते. गळवाने, बाळंतरोगाने, न्यूमोनियाने होणारे मृत्यू त्यामुळे टळले.

कोंबड्यांपर्यंत प्रतिजैविके पोहोचली ती वेगळ्या वाटेने. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जुक्स आणि स्टोकस्टॅड या संशोधकांनी ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा पिल्लांना खाऊ घातला, तेव्हा पिल्ले जास्त वेगाने वाढली. पुढची कित्येक दशके जगभरच्या व्यावसायिक कुक्कुटपालनात निरोगी पक्ष्यांच्या खाद्यातही प्रतिजैविके मिसळली गेली. युरोपीय संघाने वाढीसाठी होणारा हा वापर २००६ मध्ये पूर्ण बंद केला. इकडे जंतू या औषधांना सरावत गेले. पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस १९४० च्या दशकातच दिसू लागले होते आणि मेथिसिलिन या नंतरच्या औषधाला न जुमानणारे १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये आढळले.

या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा २००९ मध्ये हाती लागला. एडिंबरातल्या संशोधकांनी ब्रॉयलर कोंबड्यांतल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसची जनुकीय वंशावळ तपासली. त्यातले बहुसंख्य वाण एकाच पूर्वजापासून आलेले निघाले, आणि तो पूर्वज माणसाच्या अंगावरचा होता. त्याआधी साधारण चार दशके, पोलंडमधल्या एका मानवी वाणाने कोंबडीत उडी मारली, असा त्यांचा निष्कर्ष होता. उडी मारल्यावर त्याने माणसात रोग करायला लागणारी काही जनुके गमावली आणि पक्ष्यांच्या जंतूंकडून नवी मिळवली. त्यामुळे कोंबडीच्या हेटरोफिलना तो अधिक चिवटपणे तोंड देऊ लागला. मोजक्या कंपन्यांची पैदास जगभर जाते, त्या वाटेने तोही पसरला. कोंबडीपासून आपल्याला काय होईल याची चर्चा नेहमी होते. इथे रोग आपण तिला दिला होता.

म्हणून कोंबड्याचा पाय धुताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, यात दोघांचेही हित आहे. सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे नुसती लाली किंवा छोटी खपली असताना, कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकणे, पोव्हिडोन आयोडीन लावणे, स्वच्छ पट्टी बांधून ती बदलत राहणे आणि पक्ष्याला कोरड्या, मऊ भुशावर ठेवणे एवढ्याने बऱ्याचदा भागते. पायाचा घोटा सुजला असेल, एकाच वेळी बरेच पक्षी लंगडत असतील, तर ते वेगळे दुखणे असू शकते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूने सांधे सुजतात तेव्हा तळवाही फुगतो. पायावरचे खवले उचलले जाऊन पांढरट, खडबडीत दिसत असतील, तर ती खवल्यांखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीची खरूज असते. तिला तेलकट लेप लागतो, प्रतिजैविक नाही.

घरात उरलेली माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात घालणे हा मात्र फार प्रचलित आणि फार वाईट उपाय आहे. घट्ट गोळ्याच्या आत औषध नीट पोहोचत नाही, मात्रा अंदाजाने पडते, आणि त्याच पाण्यातून पिणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत औषधाचा अंश उतरू शकतो. २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, कारण माणसांच्या शेवटच्या आधाराच्या औषधांत त्याची गणना होते. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी पक्ष्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातले होते, २०१२ च्या तुलनेत जवळपास ४६ टक्के जास्त. औषधांवरची देखरेख मुख्यतः मोठ्या फार्मच्या खाद्याभोवती फिरते. परसातल्या कोंबड्याला काय पाजले जाते हे घरचा माणूस आणि गावातला पशुवैद्यकीय दवाखाना यांच्यातच ठरते. दवाखान्यातून प्रतिजैविक मिळाले, तर किती दिवस अंडी खायची नाहीत आणि किती दिवस पक्षी कापायचा नाही हे तिथेच विचारून घ्यावे. त्या दिवसांत दांडी खाली आणून रुंद, सपाट लाकडाची करावी आणि खुराड्यातला ओला थर काढून टाकावा. ते केले नाही, तर बरा झालेला तळवा त्याच जागी पुन्हा फुटतो.