बदकाची पिल्लं निघाली नाहीत? मशीन परत पाठवण्याआधी उरलेली अंडी फोडून बघा

"वीस अंडी ठेवली, चारच पिल्लं निघाली. उबवणीचं मशीन खराब आहे," असा फोन आला की आम्ही विचारतो, उरलेल्या सोळा अंड्यांचं काय केलं? बहुतेक वेळा ती उकिरड्यावर गेलेली असतात, आणि त्यांच्याबरोबर उत्तरही.

खाकी कॅम्पबेल, व्हाइट पेकिन या जातींच्या बदकांची अंडी उबायला २८ दिवस लागतात, मस्कोव्ही जातीची ३५. खाकी कॅम्पबेल क्वचितच खुडूक होते, म्हणून गावाकडे तिची अंडी कोंबडीखाली ठेवतात. तिथूनच कोंबडीचा २१ दिवसांचा हिशेब डोक्यात बसतो आणि २२व्या दिवशी आम्हाला फोन येतो! मुदतीनंतर दोन दिवस थांबा. मग उघड्यावर, बोथट टोकाकडून एकेक अंडं हलक्या हाताने फोडा. कुजकं अंडं फुटून उडतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. नंतर हात साबणाने धुवा.

<b>आत काय दिसलं?</b>

बलक साफ, रक्ताचा मागमूस नाही: अंडं वांझ असेल किंवा जीव अगदी सुरुवातीलाच गेला असेल. अशी अंडी जास्त निघाली तर पाच-सहा माद्यांमागे एक नर आहे का ते बघा. आठवड्याहून जुनी किंवा फ्रीजमधली अंडी उबवायला घेऊ नका.

रक्ताची अंगठी: गर्भ पहिल्या आठवड्यात मेला. तापमान उसळलं असेल किंवा अंडी प्रवासात हादरली असतील. एसटीच्या पार्सलने आलेली अंडी बोथट टोक वर करून दिवसभर स्वस्थ ठेवा, मग मशीनमध्ये घाला.

पूर्ण वाढलेलं, पण आतच मेलेलं पिल्लू: सर्वांत जास्त तक्रारी याच्या असतात आणि बहुतेकांच्या मुळाशी पाणी असतं. पिल्लू सुजलेलं, चिकट, आत पाणी साचलेलं आणि हवेची पोकळी लहान असेल, तर दमटपणा जास्त झाला. पापुद्रा सुकून पिल्लाला प्लॅस्टिकसारखा आवळून बसला असेल, तर कमी पडला. शेवटच्या तीन दिवसांत कौतुकाने दहादा झाकण उघडलं तरी असंच होतं.

<b>पाणी किती?</b>

२८ दिवसांच्या जातींसाठी दमटपणा पहिले २५ दिवस ५५ टक्क्यांच्या आसपास, पुढे ७० ते ७५ (खाली दिलेले दिवसही याच जातींचे). पण "पाण्याचे ट्रे भरून ठेवा" असं सरसकट सांगणं चूक आहे. जुलैत कोकणात बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के दमट असेल, तर मशीनमध्ये ती ३७.५ अंशांना तापल्यावर ट्रे कोरडा असूनही ५० टक्क्यांजवळ राहते. तिथे सुरुवातीला दोन्ही ट्रे भरले की पिल्लं बुडालीच म्हणायची. एप्रिलच्या विदर्भात नेमकं उलटं. तिथे पसरट भांडं लागतं, कारण दमटपणा पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, पसरलेल्या पृष्ठभागावर ठरतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा. २५ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १३ टक्के घटायला हवं. वीस अंड्यांचं वजन १४०० ग्रॅम असेल, तर सातव्या दिवशी ५० ग्रॅम आणि चौदाव्या दिवशी १०० ग्रॅमच्या आसपास कमी भरलं पाहिजे. कमी घटलं तर पाणी काढा, जास्त घटलं तर वाढवा.

आर्द्रतामापक तपासायचा असेल, तर बाटलीच्या झाकणात चिमूटभर मीठ ओलं करा आणि मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ६८ दिसलं तर तुमचा मापक सात कमी सांगतो.

<b>आता आमच्या मशीनबद्दल</b>

डिस्प्लेवरचा आकडा अर्धा अंश इकडे-तिकडे असू शकतो, हे आम्ही लपवत नाही. तापमापी अंड्यांच्या उंचीला ठेवून पडताळा. पिल्लं २६व्या दिवशीच निघाली तर तापमान जास्त होतं, ३०व्याला निघाली तर कमी. शिवाय मशीन गरम करू शकतं, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील तर आतली अंडी शिजणार. वीज तास-दोन तास गेली तर घाबरू नका, झाकण बंदच ठेवा. गारव्यापेक्षा जास्तीच्या उष्णतेने गर्भ लवकर मरतो.

अंडी फिरवणारा ट्रे कोंबडीच्या अंड्यांच्या मापाचा आहे. बदकाचं मोठं अंडं खाचेत अडकतं, आणि मोटर चालू असली तरी ते जागचं हलत नाही. अशा अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून पाच वेळा हाताने फिरवा. २५व्या दिवशी फिरवणं बंद करून अंडी आडवी ठेवा.

दुसऱ्या आठवड्यापासून २५व्या दिवसापर्यंत रोज दहा मिनिटं झाकण उघडून कोमट पाण्याचा हलका फवारा मारायला आम्ही सांगतो. बदकीही खाण्यापाण्याला उठते आणि ओल्या पिसांनी परत बसते. वजन कमी घटत असेल तर मात्र फवारा थांबवा.

पिल्लाने कवच टोचल्यावर बाहेर यायला दीड-दोन दिवस लागू शकतात. घाईने सोलू नका. पापुद्र्यात रक्त वाहतं असतं आणि बलक पोटात ओढला जायचा असतो. अशा वेळी मदत करणारा हातच पिल्लू मारतो.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा. सोबत फोडलेल्या अंड्यांचे फोटो, वजनांची नोंद आणि पहिलं पिल्लू कितव्या दिवशी निघालं ते कळवा.